अंगणातले गवत आणि बॅटरीचा हिशेब



मागच्या तालुका बैठकीत कापसाच्या खरेदीवरची चर्चा संपली, चहा आला आणि मागच्या रांगेतल्या एका बहिणीने उभे राहून विचारले, ‘‘घराभोवतीचे गवत कापायला बॅटरीचे मशीन मिळते म्हणतात. आमच्या पोराने मोबाइलवर पाहिले. घ्यावे का? आणि घ्यायचे तर कोणते?’’ सभेत हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, ‘‘इथे कापसाला भाव नाही आणि बाईंना अंगणातल्या गवताची पडली.’’ बाई खाली बसल्या. प्रश्न तसाच राहिला.

त्या हशात आम्हीही सामील होतो, हे आधी कबूल करतो. घरी आल्यावर मात्र वाटले, की हा प्रश्न हसण्यावारी न्यायला नको होता. शेतकरी बाजारात दोन वेळा फसतो. माल विकायला जातो तेव्हा एकदा आणि वस्तू घ्यायला जातो तेव्हा दुसऱ्यांदा. पहिल्या फसवणुकीबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत. दुसरीबद्दल बोलताना आपल्याला लाज वाटते, कारण तिथे निवड आपली असते. म्हणून या अंकाचे संपादकीय त्या बहिणीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहीत आहोत.

प्रश्न लहान नाही

जूनअखेर दोन पाऊस झाले की घराभोवती हिरवे फुटते. आषाढ सरेपर्यंत ते घोट्याला लागते आणि श्रावणात गुडघ्यावर जाते. नेमका त्याच वेळी शेतात निंदणाचा, डवऱ्याचा, खत देण्याचा जोर असतो. घरचे सगळे हात शेतात असतात. परसातले गवत ‘उद्या कापू’ म्हणून राहते आणि पोळा येतो.

या गवतात उंदीर आणि बेडूक येतात, त्यांच्या मागे साप येतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चारही विषारी जातींची नावे आपल्याला शिकवावी लागत नाहीत. आमच्या शेजारच्या घरी दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात दिवेलागणीच्या वेळी सून शेळीचा दोर सोडवायला मागच्या दाराने गेली आणि गवतात तिच्या पायाला दंश झाला. गावात गाडी होती, रस्ता कोरडा होता, दवाखान्यात लस होती, म्हणून ती वाचली. यातली एकही गोष्ट कमी असती तर वाचली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या पुरुषांनी विळे घेऊन तासाभरात सगळे आवार साफ केले. तो तास आधीच्या दीड महिन्यात कोणालाच सापडला नव्हता.

दुसरी गोष्ट. हे गवत कापते कोण? बांधावरचे गवत बैलांसाठी असले तर पुरुषही कापतात. परसातले, मोरीजवळचे, उकिरड्याकडच्या वाटेवरचे गवत मात्र बाईच कापते. दिवसभर दुसऱ्याच्या किंवा घरच्या शेतात उकिडवे बसून निंदण करायचे आणि घरी येऊन पुन्हा उकिडवे बसून विळा चालवायचा. कंबर कोणाची जाते ते पाहा. कृषिमूल्य आयोगाच्या खर्चाच्या हिशेबात निदान कुटुंबाच्या श्रमाचा एक रकाना तरी असतो. आपल्या घरच्या हिशेबात तोही नसतो. परसात बाईने घालवलेला दिवस आपण फुकट धरतो, म्हणून त्यावरचे यंत्र आपल्याला चैन वाटते.

हे यंत्र कशासाठी आहे आणि कशासाठी नाही

बाजारात याला ग्रास कटर म्हणतात, कोणी ट्रिमर म्हणतात. लांब दांडा, खाली फिरणारी चकती, चकतीला नायलॉनची दोरी किंवा प्लास्टिकची पाती आणि वर हाताशी बॅटरी. दोरी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि त्या वेगामुळेच गवत तुटते. दोरीला धार नसते.

ही कल्पना अमेरिकेतली. टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या आवारातल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचे गवत कापताना साल सोलली जाई. मोटारी धुण्याच्या केंद्रात गरगर फिरणारे ब्रश पाहून त्यांच्या डोक्यात विचार आला. १९७१ च्या सुमारास त्यांनी एका रिकाम्या पत्र्याच्या डब्याला भोके पाडून मासेमारीची नायलॉन दोरी ओवली, डबा एका फिरत्या यंत्राला बसवला आणि गवत कापून पाहिले. पुढे त्याचा मोठा कारखाना झाला. जन्मच असा असल्यामुळे या यंत्राचा स्वभाव आजही तोच आहे. भिंतीच्या कडेचे, दगडाच्या फटीतले, कुंपणाच्या तारेखालचे कोवळे गवत कापावे ते यानेच.

आता कशासाठी नाही ते नीट ऐका, कारण निम्मी फसवणूक इथे होते.

पहिले, हे चारा कापायचे यंत्र नाही. दोरीने गवताचे तुकडे होतात, ते मातीत मिसळतात, चिखलाने माखतात. वर झिजलेल्या नायलॉनचे कण त्यात पडतात. असे गवत जनावरापुढे टाकू नये. बांधावरचा मारवेल, पवना, शेडा जनावरांसाठी हवा असेल तर विळाच खरा. दातेरी ‘वैभव’ विळा हातात असेल तर काम आणखी हलके होते. बांधाच्या गवताला आपण नेहमी शिव्या देतो, पण दुष्काळी वर्षात ते कडब्याला आधार देते. ते भुशासारखे उडवून टाकायचे नसते.

दुसरे, हे निंदणाचे यंत्र नाही. ते गवताची मुळे काढत नाही. हरळी आणि लव्हाळा वरून कापला तर पंधरा दिवसांत पुन्हा उभा राहतो. पऱ्हाटीच्या तासात हे यंत्र घालायचा विचारही करू नका. दोरी पऱ्हाटीच्या खोडाला लागली की साल निघते आणि झाड बसते. तिथे डवरा, वखर आणि खुरपे.

तिसरे, गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेलेले हे गवत आज प्रत्येक गावठाणात आहे. ते यंत्राने कापले तर बुडातून पुन्हा फुटते. फुलावर आलेले कापले तर पराग आणि रस अंगावर उडतो, खाज सुटते, ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना तो वाढतो. बी धरलेले कापले तर बी चारी दिशांना जाते. गाजरगवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचे, याला दुसरा पर्याय नाही. पावसाळ्यात त्याची पाने खाणारे मेक्सिकन भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. १९८४ साली बंगळुरूला ते याच कामासाठी आणून सोडले होते.

कोणी म्हणेल, एवढी भानगड कशाला, तणनाशक मारून मोकळे व्हा. ज्या आवारात कोंबड्या चरतात, लेकरे रांगतात, वालाचा वेल चढतो आणि शेजारी प्यायच्या पाण्याचा हौद आहे, तिथे फवारा मारायचा सल्ला आम्ही देणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे गेली. तेव्हापासून तरी आपण ‘फवारून टाका’ हा शब्द जपून वापरायला हवा.

तेव्हा यंत्राचे काम एवढेच. घराभोवतीचा एक-दोन गुंठ्यांचा मोकळा भाग, परसबागेतल्या वाटा, गोठ्याच्या आणि भिंतीच्या कडा, विहिरीचा काठ. तुमचे काम यात बसत असेल तर पुढे वाचा. पाच एकराचे बांध साफ करायचे असतील, जून कुंदा आणि काटेरी झुडपे तोडायची असतील, तर बॅटरीचे लहान यंत्र घेऊन पस्तावाल. ते काम लोखंडी पात्याच्या पेट्रोल ब्रश कटरचे आहे.

बॅटरीचा आकडा वाचायला शिका

बॅटरीवरच्या फवारणी पंपाने हा धडा आपल्याला अर्धा शिकवलेला आहे. दुकानात आपण ‘बारा-आठची बॅटरी’ मागतो. म्हणजे १२ व्होल्ट आणि ८ अँपियर-अवर. या दोन आकड्यांचा गुणाकार करा, ९६ येतात. हे झाले वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप. कणगीत किती पोती ज्वारी मावते, तसे. यंत्राच्या खरेदीत हाच एक आकडा महत्त्वाचा. बाकीचे आकडे डब्यावरच्या रंगाइतकेच कामाचे.

ग्रास कटरमध्ये शिशाची नव्हे तर लिथियमची बॅटरी असते. ती लहान लहान नळकांड्यांची बनते. प्रत्येक नळकांडे सरासरी ३.६ व्होल्टचे, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचे. अशी पाच ओळीने जोडली की १८ व्होल्ट होतात, पूर्ण भरल्यावर २१. म्हणून एक कंपनी डब्यावर १८ लिहिते, दुसरी २० आणि तिसरी २१. तिन्ही एकच. एकवीसवाले यंत्र अठरापेक्षा जोरदार, असे सांगणारा दुकानदार एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो.

याहून मोठी लबाडी पुढे आहे. स्वस्त यंत्रांवर ४८, ८८, १२८ असे आकडे ठळक छापलेले असतात आणि त्यांच्यापुढे इंग्रजी ‘व्हीएफ’ ही दोन अक्षरे. लोक समजतात अठ्ठ्याऐंशी व्होल्ट. तसे काही नसते. आत बहुधा तीच पाच नळकांडी असतात. ओळखायचे कसे? साध्या चार्जरवर बारीक अक्षरात ‘आउटपुट’ लिहिलेले असते. तिथे २१ व्होल्ट असेल तर आत नळकांडी पाच, १२.६ असेल तर तीन आणि ४२ असेल तर दहा. डबा काहीही बोलो, चार्जर खोटे बोलत नाही, कारण तो खोटे बोलला तर बॅटरी जळेल.

अँपियर-अवरचा आकडाही तपासता येतो. १८ व्होल्ट, ४ अँपियर-अवरची खरी बॅटरी अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहा. डब्यावर ४ किंवा ६ लिहिलेले आणि वजन पावशेर-दीड पाव, असे असेल तर उरलेली वीज फक्त छपाईत आहे.

आता गणित. १८ गुणिले ४ म्हणजे ७२ वॅट-अवर. गवतात चालताना असे यंत्र साधारण ३०० वॅट खाते असे धरा. ७२ भागिले ३०० म्हणजे जेमतेम पाव तास, चौदा मिनिटे. गवत विरळ आणि कोवळे असेल तर थोडे जास्त, दाट आणि जून असेल तर कमी. आमचा स्वतःचा अनुभव असा, की घोट्याएवढे गवत असताना एका भरण्यात गुंठ्याच्या आसपास काम होते. दीड अँपियर-अवरची हलकी बॅटरी मिळाली तर ती पाच-सहा मिनिटांत मान टाकते. ‘एका चार्जिंगमध्ये दोन तास’ असे कोणी म्हणाले तर त्याला हा गुणाकार-भागाकार करून दाखवा आणि त्याचा चेहरा पाहा.

खर्च कुठे आहे

विजेचा खर्च नगण्य आहे. ७२ वॅट-अवरची बॅटरी भरायला, थोडी गळती धरून, युनिटचा दहावा भाग लागतो. एका युनिटात दहा वेळा बॅटरी भरते. दुकानदार हेच सांगतो आणि थांबतो. पण या यंत्राचे खरे इंधन वीज नाही, बॅटरी आहे. ती संपते आणि नवी घ्यावी लागते.

समजा यंत्र सहा हजारांचे आणि बॅटरी-चार्जर चार हजारांचा, एकूण दहा हजार. भाव गावोगावी वेगळे असतील, तुम्ही तुमचे आकडे घाला. बॅटरी तीनशे ते पाचशे वेळा भरता येते, आपण चारशे धरू. तुमचे आवार दोन गुंठ्यांचे. एका कापणीला दोनदा बॅटरी भरावी लागेल. जूनअखेर ते ऑक्टोबर, पंधरा दिवसांनी एकदा, म्हणजे आठ कापण्या. वर्षाला सोळा भरणी. या वेगाने चारशे भरण्या संपायला पंचवीस वर्षे लागतील!

पण बॅटरी पंचवीस वर्षे थांबत नाही. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी वयाने म्हातारी होते आणि आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. पाच वर्षे चालली तर भाग्य समजा. पाच वर्षांत ऐंशी भरण्या. दहा हजार भागिले ऐंशी म्हणजे एका भरणीला सव्वाशे रुपये आणि एका कापणीला अडीचशे. त्याच दोन गुंठ्यांना विळ्याने एका बाईचा दिवस लागतो. मजुरी तीनशे धरली तर यंत्राने फक्त पन्नास रुपये वाचले. कंबर वाचली, दिवस वाचला, हे खरे. पण पैशात ‘मशीन स्वस्त’ म्हणणे खोटे.

आता हेच यंत्र चार शेजारी घरांनी मिळून घेतले तर? वर्षाला चौसष्ट भरण्या, पाच वर्षांत तीनशे वीस. बॅटरीचे आयुष्य वयाने वाया न जाता कामात लागते. एका भरणीला सव्वाएकतीस रुपये, एका कापणीला साडेबासष्ट. आता मात्र यंत्र खरोखर स्वस्त झाले. चार घरांत एका दिवशी कापणी नको एवढेच ठरवायचे. सावडीने पेरणी करणाऱ्या माणसांना हे शिकवायला नको. बॅटरी कोणाकडे राहील, दोरी संपली तर पैसे कोण देईल आणि मोडले तर कोण भरेल, हे तिन्ही मात्र आधी लिहून ठेवा. सामाईक वस्तूवरून भावाभावांत अबोला धरलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

पेट्रोलच्या यंत्राचे काय? तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल धरा, टू-स्ट्रोक असेल तर त्यात ऑइल. यंत्राचे वजन सात-आठ किलो किंवा जास्त, बॅटरीच्या लहान यंत्राचे अडीच-साडेतीन किलो. पेट्रोलचे यंत्र दिवसभर चालते, बॅटरीचे पाव तास. मात्र पेट्रोलचे यंत्र आठ महिने न वापरता ठेवले की कार्बोरेटर चिकटतो आणि जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. मोठे काम आणि भाड्याने फिरवायचा विचार असेल तर पेट्रोल. घराचे आवार आणि चालवणारी घरचीच बाई असेल तर बॅटरी. वायरचे यंत्र स्वस्त मिळते, पण ओल्या गवतात वायर ओढत चालायचे आणि तीच वायर पात्याखाली यायची, हा धोका घराला नको.

दुकानात गेल्यावर

पहिली गोष्ट, जी चालवणार आहे तिला बरोबर न्या. यंत्र तिच्या हातात द्या. दांडा तिच्या उंचीला कमी-जास्त होतो का, पाठ न वाकवता चकती जमिनीला समांतर राहते का, पाच मिनिटे धरल्यावर मनगट भरून येते का, ते तिलाच विचारा. पुरुषाच्या उंचीचे यंत्र घेऊन आलो आणि ते खुंटीला टांगून राहिले, असे घडायला नको.

दुसरी, डब्यात काय आहे ते उघडून पाहा. नावाजलेल्या कंपन्या यंत्र वेगळे आणि बॅटरी-चार्जर वेगळे विकतात. डबा स्वस्त दिसतो आणि घरी आल्यावर कळते, की आत बॅटरीच नाही.

तिसरी, सुट्या बॅटरीची किंमत विचारा आणि ती दुकानात आहे का ते पाहा. ‘सध्या नाही, मागवून देऊ’ हे उत्तर मिळाले तर पाच वर्षांनी काय उत्तर मिळेल याचा विचार करा. नायलॉन दोरी आणि तिची रीळ तालुक्याला मिळते का, हेही तेव्हाच विचारा. एकाच बॅटरीवर त्या कंपनीचे ड्रिल किंवा झाडाच्या फांद्या छाटायची करवत चालत असेल तर तीच घ्यावी, बॅटरी वर्षभर कामात राहते.

चौथी, मोटर ब्रशलेस असेल तर बरी. साध्या मोटरमध्ये कार्बन झिजतात, त्या तापतात आणि तीच बॅटरी लवकर संपवतात. दोन-तीन हजारांत ब्रशलेस म्हणून कोणी देत असेल तर मात्र विश्वास ठेवू नका.

पाचवी, दोरी. लहान यंत्राला १.६ किंवा २ मिलिमीटरची दोरी पुरते. जाड दोरी लावली तर मोटर तापते. दोरी वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घाला. कोरडी पडलेली नायलॉन दोरी कडकन तुटते, भिजलेली लवचीक राहते. लहान यंत्राबरोबर लोखंडी पाते फुकट मिळते म्हणून हुरळू नका. त्या यंत्राचे झाकण बहुधा प्लास्टिकचे आणि वीतभर असते. पाते दगडावर आपटून तुटले तर ते झाकण काही अडवत नाही.

सहावी, पक्के बिल. जीएसटीसह, बॅटरीच्या वॉरंटीचा वेगळा उल्लेख असलेले. यंत्राला वर्षाची आणि बॅटरीला तीन महिन्यांची वॉरंटी, असा प्रकार सर्रास असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, विक्रेता मुंबईचा असो की दिल्लीचा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी नाही. मोबाइलवरून मागवलेल्या वस्तूलाही हे लागू आहे. पण बिल नसेल तर यातले काहीच नाही.

आणि अनुदानाचा विषय कोणी काढेलच. मिळत असेल तर जरूर घ्या. पण यादीत नाव आहे म्हणून नको ते यंत्र घ्यायचे, ही सवय आपल्याला पूर्वीही महागात पडली आहे. कितीतरी घरांच्या पडवीत अशी यंत्रे गंजत उभी आहेत.

घरी आणल्यावर

सगळ्यात महत्त्वाचे आता सांगतो. आपल्या घरात दिवाळीपासून कापूस असतो. भाव वाढेल म्हणून खोली भरून ठेवलेला असतो आणि आपण त्याच खोलीत झोपतो. त्या खोलीत बॅटरी चार्जिंगला लावू नका. शेजारच्या खोलीतही रात्रभर लावून झोपू नका. लिथियमची बॅटरी बिघडली तर ती नुसती बंद पडत नाही, पेटते, आणि पाणी टाकून चटकन विझत नाही. वर्षाची कमाई एका ठिणगीत जायला वेळ लागत नाही. दिवसा, माणूस घरात असताना, फरशीवर किंवा दगडावर, कापूस आणि कडब्याच्या गंजीपासून दूर चार्जिंग करा. बॅटरी फुगली, तिला वास आला किंवा हात लावता येणार नाही एवढी तापली तर वापर बंद. जुनी बॅटरी चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीची आहे.

फवारणी पंपाची शिशाची बॅटरी आपण भरून ठेवतो, आणि ते बरोबरही आहे. लिथियमचे उलटे आहे. हंगाम संपल्यावर ती अर्धी भरलेली ठेवायची, यंत्रातून काढून, घरातल्या थंड कोपऱ्यात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. त्या पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी जूनपर्यंत अर्धी मेलेली असते. वापरून तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या.

चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. खडा उडून डोळा जायला एक क्षण पुरतो. पायात बूट, पदर आणि ओढणी खोचलेली, मुले आणि जनावरे पंधरा मीटर लांब. आधी काठीने गवत झोडपून घ्या, म्हणजे साप असेल तर निघून जाईल आणि दगड, तार, बांगडीची काच दिसेल. लिंबू, शेवगा, सीताफळाच्या रोपाभोवती वीतभर गवत हातानेच काढा. दोरीने बुंध्याची साल गोल सोलली की झाड वरून हिरवे दिसते आणि महिन्याभरात वाळते. कंबरेएवढे गवत वाढेपर्यंत थांबू नका. ते वरून खाली दोन-तीन टप्प्यांत कापावे लागते आणि तेवढ्यात बॅटरी संपते. पंधरा दिवसांनी पाव तास, हीच या यंत्राची चाल आहे.

शेवटी

त्या बहिणीच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे. आवार दोन गुंठ्यांच्या आत असेल आणि तीन शेजारणी बरोबर यायला तयार असतील तर घ्या. १८ व्होल्टचे, ४ अँपियर-अवरच्या बॅटरीचे, जिची सुटी बॅटरी आणि दोरी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते असे. एकटीने घ्यायचे असेल तर पैसा वाचेल म्हणून घेऊ नका, कंबर आणि वेळ वाचवण्यासाठी घ्या, आणि तेही पुरेसे कारण आहे. चारा हवा असेल, बांध मोठे असतील किंवा त्रास गाजरगवताचा असेल तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही. आणि यातले काहीच जमत नसेल तर येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी, पुरुषांसकट, तासभर विळा हातात घ्यावा. भिंतीपासून दहा फूट जमीन उघडी करावी. तिला एक पैसाही लागत नाही.

पुढच्या बैठकीला, ज्यांनी असे यंत्र घेतले असेल त्यांनी चार आकडे कागदावर लिहून आणावेत. किती रुपयांना घेतले, एका भरण्यात किती मिनिटे चालले, कितव्या वर्षी बॅटरी गेली आणि नवी कितीला पडली. नाव घातले नाही तरी चालेल. ते कागद बैठकीत मोठ्याने वाचू आणि पुढच्या अंकात एकत्र छापू. दुकानदाराकडे छापील पत्रक असते, आपल्याकडेही असावे.

आणि त्या बहिणीने पुढच्या बैठकीत मागच्या रांगेत बसू नये, पुढे यावे.